शेडात चार वर्षं उभी राहिलेली पिकअप रस्त्यावर आणताना

थोरल्या काकांची पिकअप २०२० च्या उन्हाळ्यात शेडात लावली, ती लावलीच. २००७ ची बोलेरो पिकअप, एमएच ०९. गुऱ्हाळावरनं कोल्हापूरच्या शाहू मार्केट यार्डात गुळाचे रवे वाहून वाहून हौद्याला कायमचा गोडसर वास लागलेला. लॉकडाऊन झालं, मग काकांचे गुडघे गेले, पोरं पुण्यात. चार पावसाळे गाडी जागची हलली नाही. मग एका हिवाळ्यात काका म्हणाले, "घेऊन जा बाबा, गंजून जायच्या आधी वापर तरी."

बघायला गेलो तर शेजारचे तिघं ट्रॅक्टर घेऊन आधीच हजर. "टोचन लावूया की. दुसऱ्यात टाक, क्लच सोड, शंभर फुटांत सुटत्या बघ." मी नको म्हणालो आणि तिघांच्याही नजरेतनं उतरलो.

कारण २०१९. त्या ऑगस्टात पंचगंगेचं पाणी चिखलीत शिरलं तेव्हा मेव्हण्याची टाटा २०७ पाण्यात सापडली. पाणी उतरल्यावर महिन्याभरानं टोचन लावून ती ओढली, आणि टोचन लावणारा मीच होतो. आतून एकच 'टण्ण' झालं आणि मागची चाकं नुसती घासत आली. सिलिंडरमध्ये पाणी राहिलेलं. हवा दाबली जाते, पाणी दाबलं जात नाही. पिस्टनला वर जायला जागा मिळत नाही आणि मग कनेक्टिंग रॉड वाकतो. सगळं इंजिन उतरवावं लागलं. मेव्हणा अजून लग्नकार्यात भेटला की तोंडानं तो 'टण्ण' काढून दाखवतो.

चार वर्षं उभं राहून गाडीचं जेवढं बिघडत नाही, तेवढं चालू करायच्या पहिल्या दहा सेकंदांत आपण बिघडवू शकतो. त्यामुळे या लेखात चावी बऱ्याच उशिरा येते. सांगतोय ते जुन्या पद्धतीच्या, मेकॅनिकल पंपाच्या डिझेल गाड्यांचं. कॉमन रेल (सगळ्या सिलिंडरांना एकाच दाबाच्या नळीतनं डिझेल देणारं, नव्या पद्धतीचं) इंजिन असेल तर डिझेलच्या नळ्या सैल करून हवा काढायचा प्रकार अजिबात करू नका. तिथे प्रेशर हजार बारच्या वर जातं आणि ती धार कातडी फोडून आत शिरते.

आधी नुसतं बघा

चावी खिशात. बॅटरीची वायर काढलेली, निगेटिव्ह आधी. चाकांना पुढून-मागून दगड किंवा लाकडी पाचरी. मग टॉर्च आणि एक काठी. काठी कशाला, हे उसाच्या रानातल्या शेडात गाडी ठेवणाऱ्याला सांगायला नको. बॉनेट उघडायच्या आधी दोनदा ठोका आणि सीटखाली काठी फिरवल्याशिवाय हात घालू नका.

साप नाही निघाला. उंदीर मात्र चार वर्षं भाडं न देता राहिलेले. एअर फिल्टरचा डबा उघडला तर आत पाचट, पोत्याचे धागे आणि काकांच्या हरवलेल्या गांधी टोपीचा एक कोपरा. हे सगळं पहिल्या सेल्फलाच इंजिनानं आत ओढलं असतं. डबा धुऊन पुसा, फिल्टर नवा घाला आणि डब्यापासून इंजिनापर्यंतच्या रबरी पाईपमध्ये हात घालून बघा, कारण उंदराला तीच जागा जास्त आवडते.

वायरिंग वितावितानं तपासा. कुरतडलेल्या लहान वायरी जोडून टेप मारता येतात. बॅटरीपासून सेल्फकडे जाणारी जाड केबल मात्र कुठे सोललेली दिसली तर टेप मारून भागवू नका, बदला. बऱ्याच जुन्या गाड्यांत तिला फ्यूज नसतो. ती चासीला टेकली तर थेट जाळ.

खाली वाकून जमिनीवरचे डाग बघा. इंजिनाखाली काळा डाग म्हणजे ऑईल, रेडिएटरखाली हिरवट किंवा गंजाचा लाल म्हणजे पाणी, चाकाच्या आतल्या बाजूला ओलसर चिकट ओघळ म्हणजे ब्रेक ऑईल. फोटो काढून ठेवा, नंतर कुठलं गळणं जुनं आणि कुठलं नवं ते कळतं.

डिझेल: सगळ्यात जास्त वेळ इथेच जातो

अर्धी रिकामी टाकी चार पावसाळे उभी राहिली की आतल्या हवेतली दमट वाफ पत्र्यावर धरते आणि थेंब थेंब खाली उतरते. पाणी डिझेलपेक्षा जड, म्हणून तळाला साचतं. पाणी आणि डिझेल जिथे भेटतात तिथे जिवाणू वाढतात, आणि त्यांची काळी, शेवाळासारखी बुळबुळीत घाण फिल्टर बुजवते.

टाकीच्या तळाला ड्रेनचा नट असतो. तो सैल करून पहिलं लिटरभर डिझेल पारदर्शक बाटलीत घ्या आणि रात्रभर हलवू नका. सकाळी आमच्या बाटलीत तळाला चार बोटं गढूळ पाणी, मधे काळ्या तंतूंचा थर, वर चहाच्या रंगाचं डिझेल आणि झाकण उघडल्यावर वॉर्निशसारखा वास. असं दिसलं तर नवीन डिझेल ओतून पातळ करायच्या भानगडीत पडू नका. सगळं काढा, टाकी उतरवा, आतला जाळीचा फिल्टर साफ करा, थोड्या चांगल्या डिझेलनं दोन-तीनदा खळबळून घ्या. आतून पापुद्रे सुटत असतील तर टाकी बदलणंच स्वस्त पडतं. जुन्या टाकीला वेल्डिंग मारून घ्यायचा मोह झाला तर आवरा. रिकाम्या दिसणाऱ्या टाकीतली वाफच उडते. काढलेलं डिझेल गटारात किंवा बांधावर ओतू नका, डब्यात भरून गॅरेजवाल्याला द्या. जुन्या ऑईलबरोबर तेही घेऊन जाणारे असतात.

मग टाकीपासून पंपापर्यंतचे रबरी पाईप. हातात धरून वाकवा. चिरा दिसल्या, कडक लागला, की नवा. यातली गंमत अशी की चिरलेल्या पाईपमधून डिझेल गळेलच असं नाही. पंप डिझेल ओढत असतो, त्यामुळे चिरेतून हवा आत जाते. बाहेर सगळं कोरडं आणि गाडी मात्र चालू होऊन दोन मिनिटांत बंद. लोक पंप उतरवून कॅलिब्रेशनला देतात आणि दोष असतो एका हातभर पाईपचा. पाईपबरोबर क्लॅम्पही नवे घ्या.

फिल्टर नवा घातला की हवा काढायची. ज्यांनी विहिरीवरचं ऑईल इंजिन हँडल मारून चालू केलंय त्यांना हे येतंच. आपलं गाव ऑईल इंजिनाचं, उद्यमनगरातल्या फाउंड्र्या त्यावरच वाढल्या. फिल्टरच्या डोक्यावरचा हवेचा स्क्रू सैल करा आणि डिझेलचा छोटा हातपंप मारत राहा. आधी नुसती हवा, मग फेसाळ, मग बुडबुडे, शेवटी सलग धार. धार सलग झाली की पंप दाबलेला असतानाच स्क्रू आवळा. तसंच पुढे डिझेल पंपावरच्या स्क्रूला. हातपंप कितीही मारला तरी कडक होत नसेल तर मागे कुठेतरी हवा पकडत्येय. पुढचं काही करू नका, मागेच जा.

पंपाच्या आतली रॅक (डिझेल किती जायचं ते ठरवणारी दांडी) किंवा प्लंजर (डिझेल ढकलणारा दट्ट्या) जुन्या डिझेलच्या राळेनं चिकटलेला असू शकतो. अॅक्सिलरेटरचा आणि स्टॉपचा लिव्हर हातानं हलवून बघा, सुटा यायला हवा. स्टॉपचा लिव्हर अडकलेला असेल तर तो सुटेपर्यंत गाडी चालू करायचीच नाही. का, ते पुढे येईल. पंप उघडायची हौस घरी करू नका, त्याला टेस्ट बेंच लागतो.

इंजिन हातानं फिरवा

डिपस्टिक काढा. ऑईल काळं असेल तर ठीक. दुधाळ चहासारखं असेल तर आत पाणी आहे, आणि मग पाणी कुठून आलं ते कळेपर्यंत इथेच थांबा.

चार वर्षांत सिलिंडरच्या भिंतीवरचा ऑईलचा थर उतरून जातो. पिस्टनच्या रिंगा कोरड्या पडतात, कधी सिलिंडरच्या भिंतीला धरतात. हिटर प्लग (थंड इंजिन तापवणारे) असतील तर ते काढा, नसतील तर नोझल (डिझेल फवारणारे). नोझल काढलेच आहेत तर टेस्टिंगला देऊन टाका, आणि परत बसवताना तांब्याचे वायसर नवेच घाला. प्रत्येक सिलिंडरमध्ये दोन चमचे इंजिन ऑईल सोडा. दोन चमचे म्हणजे दोनच. भोकांवर फडकं टाका आणि घरी जा. एक रात्र पुरते, दोन दिवस ठेवलं तर आणखी बरं.

नंतर गाडी न्यूट्रलला घेऊन पुढच्या पुलीच्या नटाला मोठा पाना लावायचा आणि इंजिन नेहमी फिरतं त्याच दिशेनं सावकाश फिरवायचं. मी पहिल्यांदा पाना ओढला तेव्हा काहीच हललं नाही. पाइप घालून पाना लांब करायचा विचार आला, पण तसं न करता पुढे-मागे, पुढे-मागे, अगदी दोन बोटं हलेल एवढंच करत राहिलो. वीसेक मिनिटांनी कुठेतरी 'चर्र' झालं आणि पाना हातात नरम आला. तिथून पुलीचे दोन पूर्ण फेरे घ्या. चार स्ट्रोक इंजिनात दोन फेऱ्यांत प्रत्येक व्हॉल्व्ह एकदा उघडून मिटतो. मधे एकाच जागी टणक अडलं तर जोर लावू नका. व्हॉल्व्ह चिकटलेला असू शकतो. भोकांतून पाणी उडालं तर ते सगळं निघेपर्यंत फिरवा आणि माझ्या मेव्हण्याची आठवण काढा.

टायमिंग बेल्टचं इंजिन असेल तर वय बघूनच बेल्ट बदला, किलोमीटर बघून नाही.

आता जुनं ऑईल काढून फिल्टरसकट नवं भरा. अशा इंजिनाला १५डब्ल्यू-४० चं डिझेल इंजिनाचं ऑईल चालतं. महागातलं घेऊ नका, हे थोड्याच दिवसांत काढून टाकायचं आहे.

पाणी, बॅटरी, टायर

रेडिएटरमधलं गंजाचं पाणी सोडून स्वच्छ पाणी निघेपर्यंत धुवा. पाईप दाबून बघा: कडक, फुगलेला किंवा आतून कुरकुरणारा बदला. नंतर कूलंट आणि पाणी निम्मे-निम्मे. कोल्हापुरात पाणी गोठत नाही, मग कूलंट कशाला, असं विचारणारे आहेत. गंज धरू नये आणि पाणी उशिरा उकळावं म्हणून. वॉटर बॉडीच्या, म्हणजे पाण्याच्या पंपाच्या, पोटाला एक बारीक भोक असतं. तिथून थेंब आला तर आतलं सील गेलं.

चार वर्षं पडलेली बॅटरी चार्जिंगला लावून वेळ घालवू नका. पूर्ण चार्ज झालेली बॅटरी स्वस्थ असताना १२.६ व्होल्टच्या आसपास दाखवते. जुनी रात्रभर चार्ज करूनही साडेदहाच्या पुढे सरकत नसेल तर एक सेल मेलेला आहे. डिझेलला ठिणगी नसते, दाबलेल्या हवेच्या उष्णतेवर ते पेटतं. सेल्फ मरगळून फिरला तर ती उष्णता तयारच होत नाही. नवी बॅटरी घ्या आणि चासीला जाणारी अर्थिंगची पट्टी दोन्ही टोकांना घासून चकचकीत करा. निम्म्या गाड्यांचं 'सेल्फ गेलं' हे दुखणं त्या पट्टीतच असतं.

टायरच्या भिंतीवर चार आकडे असतात. '३११४' म्हणजे २०१४ चा एकतिसावा आठवडा. नक्षी कितीही शिल्लक दिसू दे, दहा वर्षांचा टायर लोड घेऊन घाटात नेऊ नका. सगळ्या कामात मोठा खर्च हाच निघाला आणि तोच टाळावासा वाटतो. स्टेपनीचाही आकडा बघा.

ब्रेक, चालू करायच्या आधी

मेस्त्री लोक हसतात, आधी चालू तर होऊ दे म्हणतात. पण गाडी एकदा धडधडायला लागली की माणूस थांबत नाही. "जरा गेटपर्यंत नेऊन आणतो" म्हणतो आणि गेटाशी कळतं की पेडल खाली जाऊन बसलंय.

काकांनी हँडब्रेक ओढून गाडी लावलेली, त्यामुळे मागचे ब्रेक लायनर ड्रमला गंजानं चिकटलेले. ड्रमच्या तोंडावर आट्यांची दोन भोकं असतात. बहुतेक गाड्यांत त्यात ८ मिलिमीटरचे बोल्ट बसतात. हँडब्रेक सोडा, गाडी जॅकवर घेऊन चासीखाली मजबूत ठोकळे द्या (नुसत्या जॅकवर कधीच नाही), आणि ते दोन बोल्ट आळीपाळीनं अर्धा-अर्धा फेरा आवळत जा. ड्रम सरळ बाहेर ढकलला जातो. आतली धूळ फुंकू नका, हवेच्या पाईपनंही उडवू नका. जुन्या लायनरमध्ये अॅसबेस्टॉस असायचं. ओल्या फडक्यानं टिपून घ्या.

व्हील सिलिंडरची रबरी टोपी हलकेच उचला. आत ओल दिसली की सिलिंडर गळतोय. गंज दिसला की पिस्टन जाम होणार, आज नाही तर घाटात. मी मागचे दोन्ही नवेच घातले. रबरांचं किट टाकून भागतं, पण आतली भिंत खरवडलेली असेल तर किट महिनाभरात परत गळतं. ड्रमला खाचा पडल्या असतील तर लेथवर घासून मिळतात, त्याला उद्यमनगरापेक्षा चांगली जागा नाही. पुढची कॅलिपरची पिन सरकते का ते बघा आणि ब्रेकचे सगळे रबरी पाईप वाकवून चिरा शोधा.

ब्रेक ऑईल हवेतली ओल शोषतं आणि ओलसर ऑईल उतारावर तापलं की आत वाफ होते. म्हणून जुनं सगळं बाहेर. ब्रेक ऑईलच्या टाकीच्या झाकणावर डीओटी ३ किंवा ४ जे लिहिलं असेल तेच. डबा सीलबंद घ्या, दुकानदाराच्या उघड्या बाटलीतलं नको. इंजिन ऑईल चुकूनही गेलं तर सगळी रबरं फुगतात. हवा काढताना मास्टर सिलिंडरपासून सगळ्यात लांबच्या चाकापासून सुरुवात: मागचं डावं, मागचं उजवं, पुढचं डावं, पुढचं उजवं. आत बसायला पुतण्याला घेतलं. "दाब. धर. सोडू नकोस!" हे मी शेडात इतक्यांदा ओरडलो की काकू बाहेर येऊन काय झालं विचारून गेल्या.

क्लच दाबून बघा. प्लेट फ्लायव्हीलला चिकटली असेल तर ते गाडी चालू झाल्यावरच कळतं, म्हणून पहिल्यांदा चालू करताना गाडी न्यूट्रलला हवी आणि समोर माणूस नको.

आता चावी

गाडी शेडाबाहेर ढकला. जवळ अग्निशामक किंवा निदान वाळूच्या दोन बादल्या, आणि इंजिन हवा ओढतं त्या पाईपच्या तोंडावर बसेल अशी एक सपाट फळी. फळी एवढ्यासाठी: पंपाची रॅक उघडी अडकली असेल किंवा सिलिंडरमध्ये ऑईल जास्त झालं असेल तर डिझेल इंजिन स्वतःच वेग घेत सुटतं आणि चावी बंद करून थांबत नाही. मग हवा तोडणं एवढाच उपाय. हात लावायचा नाही, फळीच.

हिटर प्लग किंवा नोझल परत बसवायच्या आधी स्टॉपची केबल ओढून धरा किंवा पंपावरच्या सोलेनॉइडची वायर काढा. म्हणजे डिझेल जाणार नाही. भोकांवर फडकं टाकून, तोंड लांब ठेवून सेल्फ मारा: दहा सेकंद, मग मिनिटभर विश्रांती. जास्तीचं ऑईल बाहेर उडतं आणि डॅशबोर्डवरचा ऑईलचा दिवा विझला की बेअरिंगपर्यंत ऑईल पोचलं. आमचा तिसऱ्या खेपेला विझला.

सगळं बसवा. वायर जोडा. नोझलकडे जाणाऱ्या नळ्यांचे नट अर्धा फेरा सैल करून सेल्फ मारा, डिझेल ठिबकायला लागलं की आवळा. हात आणि डोळे लांब. मग हिटर, आणि चावी.

पहिल्यांदा एकच सिलिंडर धडधडला, मग दोन, गाडी गदागदा हलली आणि सगळीकडे पांढरा धूर. आपल्याकडं 'जाळ अन् धूर संगटच' म्हणतात, पण इथे धूर एकटा आलेलाच बरा. पांढरा धूर म्हणजे न पेटलेलं डिझेल, गाडी तापली की जायला हवा. गेला नाही आणि पाणी कमी होत राहिलं तर हेड गॅस्केट (इंजिनाच्या हेडखालचं पॅकिंग) बघा. निळा म्हणजे ऑईल जळतंय. आपणच घातलेले दोन चमचे असतील तर थोड्या वेळात कमी होतो, रिंगा सुटायला मात्र काही दिवस लागतात. ऑईलचा दिवा दहा सेकंदांत विझला नाही तर बंद करा.

रेस करू नका. वीस मिनिटं तशीच चालू ठेवून खाली टॉर्च मारत राहा. गाडी बंद करून ब्रेक चार-पाचदा दाबा, पाय दाबून ठेवा आणि परत चालू करा. पेडल किंचित खाली गेलं तर ब्रेकला जोर देणारा बूस्टर आणि त्याचा व्हॅक्यूम पंप ठीक आहेत.

रस्त्यावर जायच्या आधी कागद

मालवाहू गाडी आठ वर्षांपुढची असेल तर आरटीओचं फिटनेस दरवर्षी करावं लागतं. विमा आणि पीयूसी नव्यानं, आणि १ एप्रिल २०१९ च्या आधीची गाडी असल्यानं नवी सुरक्षित नंबरप्लेटही. फिटनेस नसलेली गाडी शेतातल्या वाटेवर फिरवा, डांबरी रस्त्याला लावू नका. कागद येईपर्यंत गिअरबॉक्स आणि डिफरन्शियलचं ऑईल बदलून घ्या, पाटे, शाफ्टचे क्रॉस आणि स्टिअरिंगचे जोड ग्रीस करून घ्या.

पहिल्या दिवशी रिकामी गाडी, दहा-बारा किलोमीटर. उतरल्यावर चारही चाकांच्या मध्याजवळ हाताची उलटी बाजू न्या. एक चाक बाकीच्यांपेक्षा गरम लागलं तर तिथला ब्रेक धरून राहतोय किंवा बेअरिंग आवळलेलं आहे. आमचं मागचं डावं तापलं, लायनर थोडा ढिला केला.

आठवड्यानं हौद्यात निम्मा लोड टाकून केर्लीवरून जोतिबाच्या घाटानं वर नेली. चढावर तापमानाचा काटा आणि उतरताना पेडल, एवढ्याच दोन गोष्टी बघायच्या होत्या. काटा निम्म्यावर राहिला. उतरताना तिसऱ्या गिअरमध्ये, ब्रेक कमी. पाचशे किलोमीटर झाल्यावर ऑईल पुन्हा बदललं. डिझेल फिल्टर मात्र पहिल्या दोन महिन्यांत तीनदा बुजला, कारण टाकी कितीही धुतली तरी नळ्यांतली घाण सुटत राहते. चढावर गाडी दम सोडायला लागली की तोच. तेव्हापासून डॅशबोर्डच्या खणात एक जादा फिल्टर, हवेच्या स्क्रूचा पाना आणि फडकं असं कायम असतं.